दोन खजिन्यांचा वजीर

रमजानचे दिवस पुढे सरकू लागले की मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. घरात सोने किती, गाठीला रोकड किती, दुकानात माल किती, कुणाचे देणे किती, हे सगळे पाहून वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा बाजूला काढला जातो. या हिशेबामागचा विश्वास साधा आहे. हाती आलेले धन ही अल्लाहची अमानत आहे, त्यात गोरगरिबांचा हक्क आहे आणि आज हिशेब टाळला तरी उद्या तो द्यावाच लागणार आहे. माणूस आपल्या घरापुरता हा हिशेब ठेवतो. पण ज्याच्या हाती अख्ख्या राज्याचा खजिना आहे, त्याने तो कसा ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर आपल्या जगण्याने आणि मरणाने देणारे एक वजीर दख्खनमध्ये होऊन गेले. ते म्हणजे बहमनी राज्याचे ख्वाजा महमूद गावान.

गावान मूळचे इराणचे. कॅस्पियन समुद्राच्या काठी गीलान नावाचा प्रांत आहे, तिथे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीस त्यांचा जन्म झाला. त्यांच्या घराण्यातील मंडळींनी तिथल्या राजांकडे वजिरी केली होती. पण दरबार आला की हेवेदावे आले. त्या कारस्थानांना कंटाळून महमूद यांनी मायभूमी सोडली आणि व्यापाराचा मार्ग धरला. व्यापारासाठी फिरताना त्यांची ओढ बाजारपेठेइतकीच विद्वानांच्या आणि सूफी संतांच्या बैठकांकडे असे. अरबी, फारसी, गणित, वैद्यक या विषयांत त्यांची चांगली गती होती.

१४५३च्या सुमारास, वयाची चाळिशी उलटल्यावर, ते कोकणातील दाभोळ बंदरात उतरले. दाभोळ त्या वेळी गजबजलेले बंदर होते. इराण आणि अरबस्तानातून घोडे इथे उतरत आणि हजला जाणारे यात्रेकरू इथून जहाजात बसत. गावान तिथून घाट चढून बीदरला गेले. शाह नेमतुल्लाह किरमानी या थोर सूफींच्या घराण्यातील शाह मुहिब्बुल्लाह तिथे राहत होते, त्यांची भेट घ्यावी आणि पुढे दिल्लीला जावे, असा त्यांचा बेत होता. दिल्लीला जाणे मात्र झालेच नाही. सुलतान अलाउद्दीन अहमद याने या परदेशी व्यापाऱ्याची विद्वत्ता आणि समज ओळखली आणि त्यांना आपल्या सेवेत ठेवून घेतले.

बहमनी राज्य १३४७ साली दौलताबादेत स्थापन झाले होते. पुढे राजधानी गुलबर्ग्याला आणि नंतर बीदरला गेली. वऱ्हाड, मराठवाडा, जुन्नर, विजापूर, तेलंगण असा मोठा मुलूख या राज्यात होता. पण राज्याला आतून एक दुखणे जडले होते. दरबारात दोन तट पडले होते. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले ते दख्खनी, त्यांच्या बाजूला बहुतेक हबशी सरदार. इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून नव्याने आलेले ते आफाकी, म्हणजे परदेशी. दोघेही मुसलमान, दोघेही एकाच सुलतानाचे चाकर, पण एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नसत. गावान बीदरला आले त्याच सुमारास या वैराने चाकणला रक्त सांडले होते. कोकणच्या मोहिमेत मार खाऊन चाकणच्या किल्ल्यात आलेले परदेशी सैनिक फितूर झाले आहेत, अशी खोटी खबर विरोधकांनी सुलतानाला पोहोचवली. सुलतान दारूच्या नशेत होता. त्याने शहानिशा न करता हुकूम दिला आणि त्या सैनिकांची दगाबाजीने कत्तल झाली. खरे कळले तेव्हा वेळ निघून गेली होती. खोटी खबर, नशेतला सुलतान आणि घाईचा हुकूम, या तीन गोष्टी तीसेक वर्षांनी पुन्हा एकदा एकत्र येणार होत्या.

गावान यांची चढती कमान मात्र सरळ होती. तेलंगणातील नलगोंड्याचे बंड मोडण्याच्या कामी त्यांनी पहिल्यांदा आपली कर्तबगारी दाखवली. पुढच्या सुलतानाने, हुमायूनशाहने, त्यांना मलिक-उत-तुज्जार म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख हा मोठा किताब दिला आणि विजापूरचा सुभा सोपवला. हुमायून कमालीचा क्रूर होता, लोक त्याला जालीम म्हणूनच ओळखत. अशा मालकाच्या हाताखाली राहूनही गावान यांचे नाव कोणत्याही जुलमाशी जोडले गेले नाही.

१४६१ साली हुमायून मरण पावला. गादीवर आला आठ वर्षांचा निजामशाह. कारभार पाहण्यासाठी तिघांचे मंडळ झाले. राजमाता मखदूमा-ए-जहाँ, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गावान. राजमाता पडद्याआडून प्रत्येक बाब समजून घेत आणि निर्णय देत. पोर राजा पाहून माळव्याचा सुलतान चालून आला, त्याने बीदर शहरही घेतले. गावान यांनी गुजरातच्या महमूद बेगड्याकडे मदत मागितली. गुजरातची फौज आली आणि माळव्याच्या सैन्याला परत फिरावे लागले. दोन वर्षांत निजामशाह वारला आणि त्याचा धाकटा भाऊ तिसरा मुहंमदशाह गादीवर बसला. तोही लहानच. काही वर्षांनी ख्वाजा जहान तुर्क मारला गेला, राजमातेने कारभारातून अंग काढून घेतले आणि सगळ्या राज्याचा भार एकट्या गावान यांच्या खांद्यावर आला. ते वकील-ए-सल्तनत झाले. दाभोळला उतरलेला व्यापारी पंधरा वर्षांत राज्याचा पहिला सेवक झाला होता.

१४६९ साली त्यांनी कोकणची मोहीम हाती घेतली. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर इथल्या राजांची जहाजे व्यापाऱ्यांना आणि हजच्या यात्रेकरूंना लुटत, अशी तक्रार होती. याच जंगलात आधीची एक बहमनी फौज गारद झाली होती. गावान यांनी घाई केली नाही. जंगल तोडत, वाटा करत ते पुढे सरकले. पावसाळा आला तेव्हा कोल्हापूरला गवताच्या झोपड्या बांधून फौजेने छावणी केली. रांगणा, खेळणा, संगमेश्वर एकामागून एक हाती आले. १४७२च्या सुरुवातीला जमिनीवरून आणि समुद्रावरून एकाच वेळी चढाई करून त्यांनी विजयनगरच्या ताब्यातील गोवा घेतला. पश्चिम किनाऱ्यावरील घोड्यांच्या व्यापाराचे एक मोठे नाके बहमनी राज्याला मिळाले.

सुमारे तीन वर्षांनी गावान बीदरला परतले तेव्हा त्यांचे असे स्वागत झाले की जसे कुणा वजिराचे झाले नव्हते. सुलतान स्वतः त्यांच्या घरी येऊन आठवडाभर राहिला. राजमातेने त्यांना भाऊ मानले. किताबांवर किताब मिळाले. पण यानंतर जे घडले ते या सगळ्यापेक्षा मोठे होते. अहमदनगरात बालपण घालवलेला आणि विजापूरच्या दरबारात बसून दख्खनचा इतिहास लिहिणारा फरिश्ता ही हकिगत सांगतो.

सुलतान निघून गेल्यावर गावान आपल्या खोलीत गेले, दार लावून घेतले, दरबारी पोशाख उतरवला आणि जमिनीवर पडून ढसाढसा रडले. मग फकिराचे कपडे घालून बाहेर आले. शहरातील आलीम, सय्यद आणि दरवेश यांना बोलावले आणि व्यापारात व वजिरीत मिळवलेले सोने, जवाहीर, किमती वस्तू सगळे वाटून टाकले. मागे ठेवले ते फक्त हत्ती, घोडे आणि पुस्तके. एका विद्वानाने याचे कारण विचारले. गावान यांनी सांगितले की सुलतान घरी आला आणि राजमातेने भाऊ म्हटले, त्या वेळी मनात अहंकार उसळला. नफ्सने इतकी उचल खाल्ली की सुलतानाशी बोलताना आपली जीभ अडखळली. ज्या वस्तूंमुळे नफ्स माजतो, त्या घरात नकोत. हत्ती-घोडे सुलतानाचे, ते आपल्याकडे फक्त सांभाळायला आहेत. पुस्तके विद्यार्थ्यांची. तेव्हा ती वाटण्याचा आपल्याला अधिकारच नाही. त्या दिवसानंतर ते साध्या कपड्यांत राहू लागले आणि शुक्रवारच्या रात्री वेश बदलून गरिबांच्या वस्तीत पैसे वाटत फिरू लागले. देणारा कोण हे घेणाऱ्याला कळू नये, ही काळजी ते घेत.

वाटण्याचा अधिकार नसलेली ती पुस्तके जिथे गेली, ती वास्तू आजही बीदरमध्ये उभी आहे. १४७२मध्ये पूर्ण झालेला गावान यांचा मदरसा तीन मजली होता. २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद. मध्ये चौक, भोवती वर्ग, मशीद, ग्रंथालय, शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या. दर्शनी भागावर इराणी पद्धतीच्या निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या चकाकत्या फरशा. ग्रंथालयात सुमारे ३००० हस्तलिखिते होती. शिकवायला उत्तम विद्वान यावेत म्हणून गावान यांनी दूरदूर पत्रे पाठवली. कवी जामी यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, इस्तंबूल जिंकणाऱ्या उस्मानी सुलतानाशीही होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन इमारतीचा काही भाग आणि एक मिनार कोसळला. दुसरा मिनार आणि त्यावरच्या थोड्या फरशा अजून गावान यांची आठवण सांगतात.

मदरसा बांधणाऱ्या वजिराचे कौतुक सगळ्यांनी केले. कारभार सुधारणाऱ्या वजिराचे तसे झाले नाही. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी याच काळात चौलला उतरून जुन्नरमार्गे बीदरला आला होता. सरदार भलत्याच ऐषआरामात आणि खेड्यातला माणूस अगदी दरिद्री, असे चित्र त्याने लिहून ठेवले आहे. राज्य चार तरफांत वाटलेले होते आणि एकेका तरफेचा प्रमुख, तरफदार, जवळजवळ राजाच झाला होता. गावान यांनी चार तरफांच्या आठ केल्या. वऱ्हाडाचे गाविलगड आणि माहूर, दौलताबादचे दौलताबाद आणि जुन्नर, अशी विभागणी झाली. विजापूर, गुलबर्गा, वारंगळ आणि राजमहेंद्री या उरलेल्या चार. प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकी किल्ल्यांवर सुलतानाने नेमलेले किल्लेदार आले. प्रत्येक तरफेतील काही मुलूख सरकारी खजिन्यासाठी खालसा झाला. जमिनीची मोजणी करून सारा ठरवला गेला. सरदारांचा तनखा वाढवला, पण कागदावर जेवढे स्वार तेवढे हजेरीला उभे करण्याची सक्ती केली. कमी भरले तर त्यांचा पैसा परत घेतला जाई. खोट्या हजेरीवर पोसलेल्यांच्या पोटावर हा पाय होता.

नेमणुकांत गावान यांनी समतोल राखला. परदेशी युसूफ आदिलखान दौलताबादला गेला, तर गाविलगड, माहूर, राजमहेंद्री अशा तरफा दख्खनी आणि हबशी सरदारांना मिळाल्या. स्वतः परदेशी असून त्यांनी परदेशी तटाचे राजकारण केले नाही. पण ज्यांची सत्ता अर्धी झाली, त्यांना हा न्याय दिसला नाही. दख्खनी तटाचा म्होरक्या मलिक हसन निजाम-उल-मुल्क हा त्यांतला सर्वांत बलवान. तेलंगण आपल्या एकट्याकडे राहील अशी त्याला आशा होती. तिचे दोन भाग झाले आणि त्याच्या मनात गाठ बसली.

१४८१ साली सुलतान पूर्वेकडच्या मोहिमेवर होता. छावणी कोंडापल्लीला पडली होती. ज्याला गावान मुलासारखे मानत तो युसूफ आदिलखान दूर लढाईवर गेला होता. हीच संधी होती. गावान यांचा शिक्का सांभाळणारा एक हबशी गुलाम होता. कटातल्या लोकांनी त्याच्याशी दोस्ती केली, भेटवस्तू दिल्या आणि एका रात्री त्याला भरपूर दारू पाजली. मग एक घडी घातलेला कोरा कागद पुढे करून, हा एका मित्राचा हिशेबाचा कागद आहे, यावर वजिराचा शिक्का हवा, असे सांगितले. नशेतल्या माणसाने कागद उलगडूनही पाहिला नाही. त्या कोऱ्या कागदावर नंतर गावान यांच्या नावाने ओडिशाचा राजा पुरुषोत्तम याला पत्र लिहिले गेले. सुलतान दारूत बुडालेला आहे, लोक त्याच्या जुलमाला कंटाळले आहेत, तुम्ही चाल करून या, राज्य वाटून घेऊ, असा त्यातला मजकूर होता.

सुलतानही नशेत असताना ते पत्र मलिक हसनने त्याच्यापुढे ठेवले. पत्र नेणारा जासूद कोण, तो कुठे सापडला, त्याला समोर का आणले नाही, यांपैकी एकही प्रश्न सुलतानाने विचारला नाही. शिक्का पाहिला आणि तो खवळला. गावान यांना तातडीने बोलावणे गेले.

छावणीत कुजबुज पसरली होती. हितचिंतकांनी गावान यांना सांगितले की आज जाऊ नका, घोडेस्वार तयार आहेत, गुजरातकडे निघून जा. त्यांनी नकार दिला. हुमायूनच्या सेवेत ही दाढी पांढरी झाली, त्याच्या मुलाच्या हातून ती रक्ताने लाल झाली तर तो मानच, असा त्यांच्या उत्तराचा अर्थ होता. पळून गेले असते तर जीव वाचला असता, पण खोटे पत्र खरे ठरले असते.

सुलतानाने विचारले की धन्याशी बेइमानी करणाऱ्याला शिक्षा काय? गावान यांनी सांगितले की तलवार. मग पत्र दाखवले गेले. गावान यांनी ते पाहून स्पष्ट केले की शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही. सुलतानाने पुढे काही ऐकले नाही. जौहर नावाच्या हबशी गुलामाला हुकूम देऊन तो उठून आत निघून गेला. म्हातारा माणूस मारणे सोपे आहे, पण यातून तुमची बदनामी आणि राज्याचा नाश होईल, एवढे गावान यांनी सांगून पाहिले. मग किब्ल्याकडे तोंड करून गुडघे टेकले, कलमा पढला आणि मान झुकवली. ५ एप्रिल १४८१चा तो दिवस. वयाची सत्तरी त्यांनी ओलांडली होती आणि त्यांतली जवळजवळ तीस वर्षे एकाच राज्याच्या सेवेत गेली होती.

आता सुलतानाला वजिराची दौलत हवी होती. इतकी वर्षे राज्य ज्याच्या हाती होते त्याने किती जमवले असेल! खजिनदाराला बोलावले. त्याने सांगितले की मालकांचे खजिने दोन होते. एक सुलतानाचा. जहागिरीचे उत्पन्न त्यात जमा होई, त्यातून सैनिक, हत्ती, घोडे यांचा खर्च निघे आणि उरलेले सुलतानाच्या नावाने गरिबांना जाई. दुसरा फकिराचा. दख्खनमध्ये येताना आणलेल्या ४०,००० लाऱ्यांच्या भांडवलावर गावान यांनी व्यापार चालू ठेवला होता. लारी म्हणजे चांदीच्या तारेचे नाणे, ते तेव्हा इराणपासून कोकणापर्यंत चाले. या व्यापाराच्या नफ्यातून त्यांचा घरखर्च भागे, नातेवाइकांना आणि गरजूंना मदत जाई. या दुसऱ्या खजिन्यात त्या दिवशी शिल्लक होत्या ३०० लाऱ्या.

मग इतर नोकरांना विचारले गेले. गालिच्यांची व्यवस्था पाहणाऱ्याने सांगितले की मालक चटईवर झोपत. स्वयंपाक्याने सांगितले की त्यांचे जेवण मातीच्या भांड्यात शिजे. ग्रंथपालाने सांगितले की पुस्तके आहेत, पण ती मदरशाच्या विद्यार्थ्यांची आहेत. एकेका उत्तराबरोबर सुलतानाची मान खाली जात गेली. आपण काय केले हे त्याला कळले. त्याने गावान यांचा मृतदेह सन्मानाने बीदरला पाठवला. शहराबाहेर आजही ती साधी कबर आहे.

पश्चात्तापाने राज्य सावरले नाही. युसूफ आदिलखान आणि इतर मोठे सरदार सुलतानाच्या छावणीत पाय ठेवायला तयार होईनात. गावान यांच्यासारख्या माणसाचा इन्साफ असा झाला, तर आपले काय, हा सवाल प्रत्येकाच्या मनात होता. सुलतान आणखी दारूत बुडाला आणि वर्षभरात, मार्च १४८२मध्ये, ऐन तारुण्यात मरण पावला. शेवटच्या घटकेला ख्वाजा आपल्याला मारत आहे असे तो ओरडत होता, असे सांगतात. मलिक हसनला हवी ती वजिरी मिळाली, पण काही वर्षांत त्याचाही खून झाला. १४९०च्या सुमारास अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही आणि वऱ्हाडची इमादशाही वेगळ्या झाल्या, पुढे गोवळकोंडा आणि बीदरही. ज्या किल्ल्यांच्या किल्ल्या गावान यांनी तरफदारांच्या हातून काढून घेतल्या होत्या, त्या पुन्हा त्यांच्याच हाती गेल्या.

एखादी खबर आली तर आधी तिची खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशी शिकवण कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. रोज्यात पोट उपाशी असते, तसा जिभेचा आणि कानाचाही रोजा असतो. चहाडी करणे जितके वाईट, तितकेच ती न तपासता खरी मानणे. कोंडापल्लीच्या छावणीत एकाने चहाडी केली आणि एकाने ती खरी मानली, एवढ्याने १३४ वर्षांचे राज्य मोडकळीला आले.

अमानत हा शब्द आपण फार सहज वापरतो. संस्थेचा पैसा, मशिदीचा निधी, सरकारी खुर्ची, कुणी विश्वासाने दिलेला सही-शिक्का, या सगळ्या अमानतीच. गावान यांच्या हातून शिक्का सुटला, तोही ज्याच्यावर त्यांनी विश्वास टाकला त्याच्या गाफीलपणामुळे. पण खजिना कधी सुटला नाही. त्यांच्यावर आरोप करणारे हयात होते, बाजू मांडायला ते स्वतः उरले नव्हते, तरी त्यांचा हिशेब त्यांच्या नोकरांनी उभ्या उभ्या दिला आणि तो पैशापैशाला जुळला.